छंद म्हणून सोडून देऊ नका

जुन्या मोटारी जिवंत करणाऱ्या आणि उरलेल्या वेळात एकट्या वृद्धांना दवाखान्यात नेणाऱ्या गृहस्थांवरचा तुमचा लेख आवडला. फक्त त्यांच्या या कामाला तुम्ही ‘छंद’ म्हटलंत, तो शब्द खटकला. त्यांच्याकडे फोर्ड मॉडेल टी आहे म्हणता, ती चालवून बघा एकदा! १९०८ ते १९२७ मध्ये अशा दीड कोटी गाड्या निघाल्या खऱ्या, पण थ्रॉटल, म्हणजे वेग कमीजास्त करायची कळ, पायाशी नाही, स्टिअरिंगखालच्या दांडीवर. मधलं पेडल दाबलं की गाडी मागे जाते. हँडल मारून इंजिन सुरू करण्याआधी स्पार्क मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं करायचं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. नाहीतर हँडलच्या उलट्या झटक्यात हात मोडलाच. असा सावध माणूस आजीबाईंना जिना उतरवताना घाई करणार नाहीच म्हणा. त्यांच्या हाताखाली कुणी तरुण शिकतोय का, तेवढं विचारायला हवं होतं.