सुट्या घोड्याचा ब्रेक आणि ग्रुपवरचा निकाल

आठवडाभर एक मजकूर फिरतोय. आमच्या कोल्हापूरजवळच्या उचगावच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा हात जोडलेल्या चिन्हासकट. सार असं: घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिन-केबिनची गाडी, ट्रेलरशिवाय हलका, म्हणून त्याला ब्रेक उलट जास्तच लागतो. एअर ब्रेक फेल होऊच शकत नाही, हवा गेली की गाडी जागेवर जाम होते. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नसेल तर ड्रायव्हरने ब्रेकवर पायच ठेवला नव्हता. आणि अपघातानंतर ब्रेक लागत असेल तर विषय संपला. थोडक्यात, सुटा घोडा कुणाला धडकला की ‘ब्रेक फेल’ ही ड्रायव्हरची थाप.

मी हायवेलगत ब्रेकचीच कामं करतो. थापा मारणारे ड्रायव्हर मीही भरपूर बघितलेत. पण हा मजकूर लिहिणाऱ्याने घोड्याखाली कधी पाठ टेकलेली दिसत नाही.

आधी हलकेपणाचं बघू, कारण बहुतेकांना तेच पटतं. घोड्याचे मागचे ब्रेक आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) पाठीवर ट्रेलरचा भार येणार हे धरून बनवलेले असतात. ट्रेलर सोडला की सात-आठ टनांच्या घोड्याचं वजन बहुतेक इंजिन-केबिनकडे, म्हणजे पुढे. त्यात जोरात ब्रेक मारला की उरलंसुरलं वजनही पुढे झुकतं. मागची चाकं जेमतेम टेकलेली राहतात, ती एकदम जाम होतात आणि घसरतात. अमेरिकेत अवजड वाहनाच्या लायसन्ससाठी जे पुस्तक वाचावं लागतं त्यात स्पष्ट लिहिलंय की सुटा घोडा थांबायला पूर्ण भरलेल्या ट्रेलरसकटच्या गाडीपेक्षा जास्त अंतर घेतो. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि भारानुसार मागची हवा कमी करणारा व्हॉल्व्ह, दोन्ही धड असतील तर घोडा सरळ राहतो. आमच्याकडे येणारा एक जुना ड्रायव्हर म्हणतो, “ट्रेलर लावला की गुमान थांबतीय, सोडला की नाचतीय बघा.” तावडे हॉटेलच्या चौकात पहिल्या पावसात हे कुणालाही दिसेल.

अजून एक गोष्ट. ट्रेलर जोडलेला असताना ट्रेलरचे ब्रेकही गाडी धरतात, त्यामुळे घोड्याचे ढिले ब्रेक झाकले जातात. ट्रेलर सोडल्यावर झाकायला कुणी उरत नाही.

हवा गेली की गाडी जाम होते, हे अर्धं खरं. चेंबर म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेकचा रॉड ढकलणारा डबा; मागच्या चेंबरमध्ये जाड स्प्रिंगही असते, हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लावते. पण ही स्प्रिंग मागच्या चाकांना असते, आणि मागच्या चाकांवर वजन नाही हे वर सांगितलंच. चाक जाम झालं म्हणजे गाडी थांबली असं होत नाही. शिवाय पुढच्या-मागच्या ब्रेकची हवा वेगळ्या टाक्यांतून येते. पुढची लाइन गेली तर मागची शाबूत राहते, मीटरवर एक काटा ठीक दिसतो, आणि सुट्या घोड्याचा सगळा भरवसा तर पुढच्याच ब्रेकवर.

त्यातून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांची हवा गेलेली नसतेच. काटा आठ किलोवर, पेडल झकास, आणि ब्रेक नाही. कारण स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे रॉड आणि ब्रेकमधली ढिलाई भरून काढणारा दांडा, ढिला. चेंबरच्या तोंडाशी रॉडवर खडूची रेघ मारायची, पोराला पेडल दाबायला सांगायचं आणि रेघ किती बाहेर आली ते पट्टीने मोजायचं. साध्या टाइप 30 चेंबरला 2 इंच ही हद्द. त्यापुढे रॉड गेला की चेंबरची ताकद झपाट्याने पडते. ड्रम तापून फुगला की रॉडला आणखी पुढे जावं लागतं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर ब्रेक चालणाऱ्या गाडीत अशा वेळी पेडल खाली जातं, पायाला कळतं. हवेच्या ब्रेकमध्ये पायाला काहीच कळत नाही. एक मात्र कबूल करतो: आंबा घाट सुट्या घोड्याने उतरलाय आणि “ब्रेक तापून गेले” असं कुणी म्हणालं, तर मलाही चटकन पटणार नाही. तेवढं वजनच नसतं.

टायरच्या खुणांचं फार ताणायला नको. 2015 पासून नव्या अवजड गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, आणि एबीएस चालू असेल तर लांब काळे पट्टे सहसा पडत नाहीत. ब्रेक कमकुवत असेल तरीही पडत नाहीत. पाय ठेवला नाही तरीही नाहीत. तीन कारणांतलं एकच निवडून माणसाला दोषी ठरवायचं, हे आपल्याला छान जमतं.

“नंतर ब्रेक लागत होता” हे वाक्य मात्र खरंच घातक आहे. क्रेनवाला येतो. स्प्रिंग ब्रेक जाम असताना गाडी ओढता येत नाही, म्हणून तो चेंबरमागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळतो, स्लॅक मागे घेतो, कधी हवेचा पाइप सोडतो. गाडी आवारात गेल्यावर कुणीतरी स्लॅक परत आवळतो. मग थंड ड्रमवर, उभ्या गाडीत पेडल दाबलं की ब्रेक लागणारच! मोटार वाहन कायद्याच्या कलम 136 प्रमाणे तपासणीसाठी नेलेली गाडी सोपस्कार उरकून 24 तासांत परत द्यायची असते. निरीक्षकाच्या हाती वेळ तेवढाच. त्याच्याआधी चार जणांनी पाना लावला असेल तर मोजायचं काय?

ड्रायव्हर झोपला होता का, हाही प्रश्न रास्त आहे. ते बघायला जीपीएस आहे, किणी आणि कोगनोळी नाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळा आहेत. पाय ब्रेकवर होता का हे पंपाच्या सीसीटीव्हीत दिसू शकतं, कारण मागचा लाल दिवा ब्रेकच्या लाइनमध्ये हवेचा दाब आला की पेटतो. दिवा पेटला आणि गाडी थांबली नाही, तर बघायचं चाकांकडे. सीसीटीव्ही नसेल तर ब्रेक लाइटचा तारेचा बल्ब बघा: धडकेच्या क्षणी पेटलेला असेल तर आतली तापलेली तार ताणून वेडीवाकडी होते, विझलेला असेल तर तशी होत नाही. एलईडीत हे कळत नाही.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: पुढच्या वेळी गर्दीत मोबाइल काढालच, तर क्रेन लागायच्या आधी चारही चेंबरच्या रॉडचे फोटो काढा, आणि फुटलेल्या मागच्या दिव्यातला बल्ब कुणाला झाडून टाकू देऊ नका.