वस्तऱ्याला सुरीचा दगड लावू नका

सुरी असो की वस्तरा, १००० नंबरचा (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) एक दगड घरात असला की भागतं, असं धार लावण्याबद्दलच्या या लेखात म्हटलंय. सुरीचं कबूल. वस्तऱ्याचं अजिबात नाही.

खानापुरात आमच्या बाबांचं सलून होतं. अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा येईपर्यंत रोज रात्री दुकान झाडून झालं की दगड ओला करून बसायचे. एकदा मी शहाणपणा केला. बेळगावच्या खडेबाजारातून दोन बाजूंचा कार्बोरंडमचा खरबरीत दगड आणला आणि त्यांचा वस्तरा त्यावर घासला. भिंगातून बघितलं तर धारेची करवत झालेली! बाबा दोन दिवस बोलले नाहीत बघा.

१००० वर धार फक्त बसते. पुढे ३०००-४०००, मग ८००० वर गुळगुळीत करायची, शेवटी चामड्याचा पट्टा. वस्तरा दगडावर सपाट झोपवायचा, पाठ (धारेच्या उलट बाजूची जाड कड) आणि धार दोन्ही टेकलेली. पाठीच्या जाडीमुळेच कोन ठरतो. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर मात्र पाठ पुढे. इथे चुकलात तर पट्टाच कापला जातो. सुरीला असा आधार नसतो, पंधरा-वीस अंशांचा कोन मनगटानंच सांभाळावा लागतो.

दगडाला मधे खळगा पडतो, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासून सपाट करून घ्या. आणि पाणी लावून वापरायच्या दगडावर तेल ओतू नका. खोबरेल लावायचंच तर पुसलेल्या वस्तऱ्याला लावा, आमच्याकडच्या पावसात एका रात्रीत तांबेरा चढतो.