पूर आल्यावर प्राध्यापक काय करणार?

"पूर आला की पोहणारा लागतो, पीएचडीवाला नाही," असं नितीन म्हणाला आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं. विषय अमेरिकेचा होता. तिथल्या विद्यापीठांत आपत्ती व्यवस्थापन आणि अंतर्गत सुरक्षा यांवर पदव्या मिळतात, स्वतंत्र संशोधन केंद्रं आहेत आणि सरकार त्यांना पैसा पुरवतं. नितीनच्या मते हा सगळा कागदांचा ढीग. मला ते अजिबात पटत नाही. आवाज चढले की मुद्दे अर्धवट राहतात, म्हणून इथे सगळं लिहून काढतोय.

मी सुरुवात केली १९६३ पासून. त्या वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठात डिझास्टर रिसर्च सेंटर सुरू झालं. समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. (१९८५ मध्ये हे केंद्र डेलावेअर विद्यापीठात गेलं.) सुरुवातीच्या काळात त्याला नागरी संरक्षण खात्याकडूनही पैसा मिळत होता, कारण सरकारला धास्ती होती ती अणुहल्ल्याची. बॉम्ब पडला तर लोक सैरावैरा पळतील का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. संशोधक मात्र जिथे खरोखर संकट आलं होतं तिथे गेले. १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर अँकरेजमध्ये, मग पुरांत, वादळांत. तिथून त्यांनी जे आणलं ते सरकारच्या भीतीच्या अगदी उलट होतं. माणसं सहसा सैरभैर होत नाहीत. गणवेशातला माणूस पोचायच्या आत शेजाऱ्यानं शेजाऱ्याला बाहेर काढलेलं असतं. लूटमार होते, पण नैसर्गिक आपत्तीनंतर ती लोक समजतात त्यापेक्षा फार कमी असते.

"मग कॅटरिनात काय झालं?" नितीननं बरोबर तिथेच बोट ठेवलं.

कॅटरिनात काय झालं ते आठवलं की मला अजूनही संताप येतो. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ धडकलं, पूररोधक बांध फुटले आणि न्यू ऑर्लीन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. माणसं छपरांवर बसून वाट बघत होती. अशा वेळी, ३१ ऑगस्टला, महापौर रे नेगिन यांनी शहरातल्या बहुतेक पोलिसांना शोध आणि सुटकेचं काम सोडून लूटमार थांबवायला धाडलं. लोकांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम या स्टेडियममध्ये खुनांचं सत्र चाललंय अशा बातम्या जगभर गेल्या. पुढे तपासात त्यातल्या बहुतेकांना काही आधार सापडला नाही. लूटमारीची भीती फुगवलेली असते, हेच चाळीस वर्षांचं संशोधन ओरडून सांगत होतं, आणि मोलाचे तास गेले ते अफवांच्या मागे.

"म्हणजे तू माझीच बाजू मांडतोयस," नितीन म्हणाला. "ऐकणारं कुणी नसेल तर अभ्यास करून उपयोग काय?"

इथे सुलभाताई मध्ये पडली. तिचं म्हणणं, ऐकलं गेलंच नाही असं नाही. २००४ मध्ये आयव्हन वादळाच्या वेळी शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर तासन्‌तास कोंडी झाली होती. त्यावरून लुइझियाना राज्यानं लोकांना बाहेर काढण्याचा आराखडा सुधारला. लुइझियाना स्टेट विद्यापीठातले वाहतुकीचे अभ्यासकही त्या कामात होते. महामार्गाच्या दोन्ही बाजू फक्त बाहेर जाणाऱ्यांसाठी खुल्या करायच्या, कुठला रस्ता कधी वळवायचा हे आधीच ठरवायचं. कॅटरिनाच्या आधी त्या परिसरातून दहा लाखांहून अधिक लोक याच व्यवस्थेमुळे गाड्यांतून बाहेर पडू शकले.

"आणि ज्यांच्याकडे गाडीच नव्हती ते?" श्रीधरकाकांनी विचारलं. ते कमी बोलतात, पण सगळं ऐकत असतात.

काका, खरी जखम तीच आहे. शहरात अशी लाखभर माणसं होती. घरात गाडी आहे की नाही हे जनगणनेतच विचारतात, त्यामुळे ही माहिती काही गुप्त नव्हती. जुलै २००४ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, 'हरिकेन पॅम' नावाचं काल्पनिक वादळ धरून मोठा सराव झाला होता. बांधांवरून पाणी शहरात शिरेल, साठ हजारांवर माणसं मरू शकतील, बरेच लोक आतच अडकतील, हे सगळं त्यात मांडलेलं होतं. पुढची कामं मात्र रेंगाळली.

मंदारला वेगळीच शंका होती आणि ती मला जास्त गंभीर वाटते. २००३ मध्ये २२ संस्था एकत्र करून अंतर्गत सुरक्षा खातं उभं राहिलं. आपत्तीनिवारण करणारी फेमा त्यात एका कोपऱ्यात गेली. ज्या कायद्यानं हे खातं आलं, त्यातूनच या खात्याची विद्यापीठांतली संशोधन केंद्रं आली. पहिलं केंद्र सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, दहशतवादाच्या धोक्याचा आणि आर्थिक परिणामांचा अभ्यास करायला. "पैसे देणारा शत्रू शोधत असेल," मंदार म्हणाला, "तर संशोधक छपरावरच्या म्हातारीकडे बघेल का?"

ही भीती खरी आहे. पण उलटही घडलंय. मोबाइलवर येणारा सरकारी इशारा २०१२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याला ९० अक्षरांची मर्यादा होती. मेरीलँड विद्यापीठाच्या केंद्रानं याच खात्याच्या पैशातून अभ्यास करून दाखवलं की एवढ्याशा मजकुरावर लोक हलत नाहीत. आधी एकमेकांना विचारतात, खात्री करतात, त्यात वेळ जातो. इशारा कोण देतंय, धोका कुठे आहे, नेमकं काय करायचं आणि कधीपर्यंत, हे सगळं त्यात लागतं. पुढे मर्यादा ३६० अक्षरांची झाली. एखाद्या घरात त्या जास्तीच्या अक्षरांमुळे कुणी वेळेत बाहेर पडलं असेल, तर मला त्या संशोधनावरचा सगळा खर्च मान्य आहे.

नितीन मग थोडा नरमला, पण हरला नाही. "ठीक आहे. गाडी नसलेल्यांचं पुढे काय झालं ते सांग."

२००८ मध्ये गुस्ताव वादळ आलं तेव्हा न्यू ऑर्लीन्सनं बसगाड्या आणि रेल्वे लावून अशा हजारो लोकांना आधीच शहराबाहेर नेलं.

"हे २००५ मध्येही करता आलं असतं," तो म्हणाला.

आलं असतं. म्हणून तर म्हणतो, तुझा राग बरोबर आहे, फक्त तो प्राध्यापकांवर काढू नकोस. आदेश देणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत हे सगळं वाचलेला माणूस का नव्हता, ते विचार.