दाराच्या मागच्या रेघा

दुकान चालवणाऱ्या एका आजींवरचा लेख वाचला. त्या दुकानात येणाऱ्या पोरांना गोळी फुकट द्यायच्या म्हणे. आमच्या आज्जीकडं तसले लाड नव्हते! मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ तिचं फळ्यांच्या दाराचं छोटंसं दुकान. रावळगावची गोळी हवी असेल तर नातवंडांनीसुद्धा आधी रद्दीच्या पुड्या बांधायच्या. दोऱ्याचे दोनच फेरे, उरलेला दोरा परत रिळाला. नागमोडी कडेचे ॲल्युमिनियमचे दहा पैसे ती न बघता नुसत्या अंगठ्यानं ओळखायची. तंबोऱ्याचे कारागीर दुपारी चहापत्तीला यायचे, हाताला भोपळ्याचा भुसा तसाच. त्यांची उधारी वहीत नव्हतीच, दाराच्या मागं खडूच्या रेघा. एका दिवाळीला रंगाऱ्यानं दारासकट त्या रंगवून टाकल्या. आज्जीनं दिवसभर त्याचा उद्धार केला, पण संध्याकाळपर्यंत निम्मे लोक आपणहून पैसे देऊन गेले. उरलेल्यांचे आकडे तिला पाठच होते (आमचेही!). २०११ च्या जूनअखेर चार आणे बंद झाले, तेव्हा तिच्या बरणीत बारा रुपयांचे चार आणे निघाले. बँकेत द्यायला ती तयारच होईना. ती बरणी आता माझ्याकडं आहे, झाकण अजून घट्टच बसतं.