किती सुंदर चूक!

गेली ३१ वर्षे मी इंदूरच्या महाराजा तुकोजीराव कापड बाजारातील एका पेढीवर हिशेब लिहितो आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही माझ्या आयुष्याची चार धामे आहेत. जमा आणि नावे या दोन बाजूंत ७० पैशांचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत मी जेवायला उठत नाही; ही गोष्ट शेठजी पाहुण्यांना कौतुक म्हणून सांगतात आणि आमच्या घरची मंडळी गाऱ्हाणे म्हणून सांगतात. अशा माणसाला त्याच्या ५७ व्या वाढदिवशी पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने चित्रकलेचा १२ रविवारांचा ऑनलाइन वर्ग भेट द्यावा, यामागे तिचा हेतू चांगलाच होता याविषयी मला शंका नाही. भरलेली फी परत मिळणार नाही ही अट मात्र मी पहिल्याच दिवशी दोनदा वाचली होती.

तसे पाहिले तर इंदुरात राहून चित्रकलेला नाही म्हणणे शोभत नाही. दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये येथे चित्रकलेची शाळा काढली आणि नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिच्यातून बाहेर पडले. त्याच गावचे पाणी मीही जन्मापासून पीत आलो आहे. पण गावचे पाणी प्रत्येकाच्या नळाला सारख्याच दाबाने येत नाही, हे महानगरपालिकेला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. तरीही खजुरी बाजारातून एचबी, २बी आणि ६बी पेन्सिली, ३०० जीएसएमचे जाड कागद आणि तीन कुंचले आणून, त्यांची पावती वेगळ्या पाकिटात घालून, मी पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून बसलो.

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या असून वयाने माझ्या लेकीएवढ्याच होत्या. पहिली अडचण भाषेची आली. आम्हा इंदुरी मराठी माणसांच्या तोंडी चित्र "बनवतात", पेन्सिल "छिलतात" आणि रेघ "खेचतात". पुण्यात चित्र काढतात, पेन्सिलीला टोक करतात आणि रेघ मारतात. "मॅडम, पेन्सिल छिलून बसलो आहे, काय बनवायचे?" असे मी विचारल्यावर पडद्यावरच्या १४ चौकोनांपैकी निदान नऊ चौकोनांत खसखस पिकली. मॅडमनी मात्र हसू आवरले आणि माझ्या कानांनी आयुष्यात कधी न ऐकलेले वाक्य उच्चारले: "काका, आज आपल्याला फक्त चुका करायच्या आहेत."

आता पेढीवरच्या माणसाला चुका करा म्हणणे म्हणजे सोवळ्यातल्या माणसाला चिखलात बसा म्हणण्यासारखे आहे. पण पहिला खेळच तसा होता. आपल्याच डाव्या हाताकडे टक लावून पाहायचे, त्याच्या कडेवरून नजर मुंगीच्या चालीने पुढे सरकवायची, त्याच गतीने उजव्या हातातली पेन्सिल चालवायची आणि कागदाकडे मात्र एकदाही पाहायचे नाही. किमोन निकोलाइडीस नावाच्या अमेरिकन शिक्षकाने या पद्धतीचा प्रसार केला, असे मॅडमनी सांगितले. आपण हात म्हणून जे काढतो तो आपल्या समोरचा हात नसतो, डोक्यात साठवलेला ठोकळेबाज हात असतो. कागद दिसेनासा झाला की डोळ्यांना नाइलाजाने खऱ्या हाताकडे पाहावे लागते, असे त्यामागचे तत्त्व. तत्त्व मला पटले. पण न पाहता लिहिण्याची सवय नसल्यामुळे मी अकरा वेळा कागदाकडे पाहिले आणि माझा हात दुकानातल्या हातमोज्यासारखा नीटनेटका उतरला. बडोद्याच्या मावशींचा हात वांग्याच्या देठासारखा आला होता. तो पाहून मॅडमनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि म्हणाल्या, "किती सुंदर चूक!" माझ्या हाताकडे पाहून त्या "छान आहे, काका" एवढेच म्हणाल्या. उपम्याला लोक ज्या सुरात छान म्हणतात, तोच तो सूर होता.

आठवडाभर तो सूर माझ्या कानांतून गेला नाही. ३१ वर्षे बरोबर लिहून जे नाव मिळवले, त्याची पुण्यात कवडीचीही किंमत नव्हती. म्हणून पुढच्या रविवारसाठी मी शनिवारी रात्रीच पट्टी घेऊन बसलो, सहा बोटांचा एक हात बेतशीर आखला आणि वर्गात तो जणू आत्ताच घडला असे भासवून कॅमेऱ्यासमोर धरला. मॅडमनी तो क्षणभर निरखला. "काका, ही चूक तुम्ही आधी ठरवून आणलीत ना?" इतक्या वर्षांत एकाही लेखापरीक्षकाला माझ्या वहीत बोट ठेवायला जागा सापडली नव्हती, या मुलीने नेमके सहाव्या बोटावर बोट ठेवले.

मध्ये एक रविवार फार सुखाचा गेला, कारण त्या दिवशी आकडे होते. डोळे आपण काढतो तितके वर नसतात, डोक्याचा माथा ते हनुवटी या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. आपण डोक्याचा केसांकडचा भाग हिशेबातच धरत नाही, म्हणून ते वर सरकतात. सर्वसाधारण मोठ्या माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट भरते. हात ताठ करून, एक डोळा मिटून, समोर धरलेल्या पेन्सिलीवर अंगठा सरकवत हे माप घेता येते. एवढे बिनचूक ज्ञान मिळाल्यावर ते ताडून पाहिल्याशिवाय मला राहवेना, म्हणून सोमवारी शेठजी दारात उभे असताना मी पेढीच्या गादीवरून एक डोळा मिटून त्यांच्यावर पेन्सिल रोखली. ते पावणेसहा डोकी भरले. दुसऱ्यांदा मोजतो आहे तोच त्यांनी विचारले, "मुनीमजी, आँख में कुछ गया क्या?" आणि संध्याकाळी मला त्यांच्या खर्चाने नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले.

पाचव्या रविवारी जे घडले त्यापुढे हे काहीच नव्हते. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधल्या अतिवास्तववादी, म्हणजे तर्कापेक्षा स्वप्नांना मानणाऱ्या, मंडळींनी एक खेळ काढला होता. घड्या घालून कागदाचे तीन भाग करायचे, पहिल्याने डोके काढून रेघांची फक्त टोके घडीच्या पलीकडे डोकावू द्यायची, दुसऱ्याने वरचे न पाहता तेथून धड काढायचे आणि तिसऱ्याने पाय. आधी हा खेळ शब्दांचा होता. त्यातून निघालेल्या एका वाक्यात एक उत्कृष्ट प्रेत नवी वाइन पिणार होते, म्हणून खेळाचे नावच उत्कृष्ट प्रेत असे पडले. आमचा कागद तीन गावांत असल्यामुळे घडी घालणे शक्य नव्हते. तेव्हा प्रत्येकाने आपापला भाग आपल्या घरी काढायचा आणि पुढच्याला केवळ शेवटची दोन बोटांची पट्टी दाखवायची, असे ठरले. मॅडमनी आमचे तिघातिघांचे गट पाडले. माझ्या गटात बडोद्याच्या मावशी आणि नागपूरचे एक निवृत्त अभियंते आले.

आमची आई ८६ वर्षांची आहे. तिला जेवायला हाक मारलेली ऐकू येत नाही, पण शेजारच्या खोलीत कोणी दबक्या आवाजात बोलले तर अक्षरन् अक्षर ऐकू येते. ती पलीकडे जपमाळ घेऊन बसली होती आणि माझ्या मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवलेला होता.

"मुंडके माझे झाले," मावशी म्हणाल्या. "मानेपर्यंत आणून सोडले आहे. पुढचे तुम्ही बघा."

"धड माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "अर्ध्या तासात उरकतो."

"पायांचे मी इकडे नागपुरात पाहून घेतो," अभियंते म्हणाले. "फक्त कंबर कुठे तोडली तेवढे दाखवा, नाहीतर जोड उघडा पडेल."

"आणि आत्ता कोणाला काही दाखवू नका हं! सगळे तुकडे मॅडमकडे पोहोचू द्या, त्या जोडतील तेव्हाच काय ते कळू दे," मावशींनी बजावले.

आईची जपमाळ थांबल्याचे माझ्या लक्षात आले नाही. तिने धाकट्याला देवासला फोन लावून, थोरला कोण्या मॅडमच्या टोळीला लागला आहे आणि धड आपल्याच घरात आहे, एवढे सांगून फोन ठेवला. दीड तासाने भाऊ दारात उभा राहिला, त्याच्याबरोबर त्याचा वकील मेहुणाही होता, आणि त्या वेळी मी धडाच्या कोटाला सारख्या अंतरावर सात गुंड्या लावत होतो. सगळा प्रकार उलगडल्यावर वकिलांनी पोहे मागितले, रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात आम्हा सर्वांना गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाऊ घालायला लावले आणि मगच देवासची वाट धरली. तो खर्च मी वर्गाच्या फीबरोबरच मांडला आहे.

जोडून आलेले प्रेत पाहण्यासारखे होते. वर नथ घातलेला पोपट, मध्ये खिशाला पेन अडकवलेला कोट आणि खाली पुलाचे दोन खांब. अभियंत्यांनी हयात पूल बांधण्यात घालवली होती आणि खांबांशेजारी बाण काढून मापेही लिहिली होती. मॅडमनी दोन्ही हात गालांवर नेले. आम्ही तिघांनी श्वास रोखला. "किती सुंदर चूक!" त्या म्हणाल्या. तिघांत वाटली तर माझ्या वाट्याला या चुकीचे ३३.३३ टक्के येतात, उरलेला ०.०१ टक्का कोणाच्या खाती टाकायचा याविषयी माझा अभियंत्यांशी अजून पत्रव्यवहार चालू आहे.

कागद खडबडीत पृष्ठभागावर ठेवून वरून पेन्सिल घासायच्या खेळाविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण घरात तो विषय काढायला बंदी आहे. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने लाकडी जमिनीच्या रेषा अशा उतरवून घेतल्या होत्या. आमच्याकडे फरशी गुळगुळीत असल्यामुळे मी पुरणयंत्राची चाळणी, किसणी आणि पोळपाटाची खालची बाजू वापरली. ६बीची भुकटी फार बारीक असते. त्या दिवशीच्या पोळ्या पानात पडल्यावरच ती किती बारीक असते हे सर्वांना समजले.

टाकाऊ वस्तूंचा रविवार आला तेव्हा मी आपण होऊन मॅडमना आमच्या गावच्या विष्णू चिंचाळकर गुरुजींविषयी सांगितले. इतरांना ज्यात कचरा दिसे, त्यात गुरुजींना पक्षी, प्राणी आणि माणसे दिसत. मॅडम हरखल्या आणि म्हणाल्या, "मग तुमच्या इंदुरात तर खजिनाच असेल, काका!" पुण्याच्या माणसाला इंदूरची व्यथा कशी कळावी? २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढलेल्या शहरात सकाळी नऊ वाजता घरात टाकाऊ असे काही शिल्लकच नसते. नेमक्या त्याच वेळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत कोपऱ्यावरून वळत होती. मी आमचा रिकामा डबा घेऊन तिच्यामागे धावलो. इंदुरात डबा रिकामा करायला लोक रोज धावतात. भरून घ्यायला धावणारा मी पहिलाच असेन. "भिया, उल्टा काम कर रिये हो," गाडीवरचा मुलगा म्हणाला, पण त्याने कप्प्यांत हात घालून एक मोडका झारा, चपलेचा अंगठा आणि टूथपेस्टची नळी काढून दिली. त्यांचा मी एका पायावर उभा राहणारा बगळा केला आणि तो खरोखर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सौ.ने त्याचे ओला, सुका असे रीतसर वर्गीकरण करून त्याला त्याच गाडीत परत पोहोचवले.

बाराव्या रविवारनंतर प्रमाणपत्र आले. कागद चांगला होता, सही चांगली होती. माझ्या आद्याक्षरामागे आणि आडनावामागे मात्र "श्रीमती" छापलेले होते. मी त्याच मिनिटाला मॅडमना फोन लावला. या वेळी तरी ते वाक्य पूर्णांशाने माझ्या वाट्याला येणार अशी माझी खात्री होती. "अय्या, सॉरी काका!" त्या म्हणाल्या. "फारच घोळ झाला. लगेच दुरुस्त करून पाठवते."

दुरुस्त केलेली प्रत मी फायलीत लावली आहे. आमच्या दोघांचे आद्याक्षर एकच असल्यामुळे पहिली प्रत सौ.ने स्वतःकडे ठेवून घेतली. बारा रविवार चहा कोणी केला, पोळ्या कोणाच्या काळ्या झाल्या आणि देवासच्या वकिलांना पोहे कोणी घातले, असे तिने विचारले. ते प्रमाणपत्र सध्या फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेले आहे.