एमपीएच फक्त एमबीबीएसवाल्यांसाठी नाही

एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. नागपुरात बीएएमएस आणि नर्सिंगच्या मुलांमध्ये मेसेज फिरतोय: ‘एमपीएचला एमबीबीएस आणि नीट पीजी लागते.’ हे साफ चूक आहे. ती अट एमडी कम्युनिटी मेडिसिनची, म्हणजे मेडिकलमधल्या पीएसएमची (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन). तो अभ्यासक्रम 3 वर्षांचा. एमपीएच सहसा 2 वर्षांचे. त्याला बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंगवाले अनेक ठिकाणी चालतात, काही संस्था इतर पदवीधरही घेतात. पात्रता संस्थेगणिक बदलते, माहितीपत्रक वाचूनच फी भरा. या पदवीने ॲलोपॅथीच्या प्रॅक्टिसचा परवाना मात्र मिळत नाही.

एमपीएचच्या प्रबंधात मुलं हमखास एका जागी अडकतात. एथिक्स कमिटीच्या (संशोधन नैतिक नियमांत बसतं का ते तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीआधीच वस्तीत फिरून सर्वेक्षणाचे 200 फॉर्म भरून आणले, तर ते वापरता येत नाहीत. मंजुरी मागाहून मिळत नाही.