नुसता फॉरमॅट बघू दे गो

नर्सिंगला ॲडमिशन झाली तेव्हा घरच्यांनी मला दोनच गोष्टींची भीती घातली होती. एक रक्त आणि दुसरी नाइट ड्युटी. रक्ताला मी आठवड्याभरात सरावले. नाइट ड्युटीलाही माणूस सरावतो. पहाटे चारच्या सुमारास डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या आपोआप येते. पण ‘नुसता फॉरमॅट बघू दे गो’ ह्या वाक्याबद्दल मला कुणी म्हणजे कुणी सावध केलं नव्हतं.

हे वाक्य कधी एकटं येत नाही. आधी ‘जेवलीस?’ येतं. मग ‘आज अंबाडा काय मस्त बसलाय गो तुझा’ येतं. मग एक सुस्कारा, मग घरातल्या कुणाच्या तरी आजारपणाची बातमी, आणि मग अगदी सहज, जाता जाता, ‘तुझा केअर प्लॅन झाला? नुसता फॉरमॅट बघू दे गो.’ ह्यातला ‘नुसता’ सगळ्यांत धोक्याचा. ‘नुसता चहा घेऊन निघतो’ म्हणणारा पाहुणा जसा जेवून, झोपून, संध्याकाळच्या बसनं जातो, तसा हा ‘नुसता’.

ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. केअर प्लॅन म्हणजे पेशंटची आमच्या अंगानं मांडलेली कुंडली. कागद आडवा धरायचा, पट्टी-पेन्सिलीनं सहा रकाने आखायचे. पहिल्यात पेशंट काय सांगतो आणि आपल्याला काय दिसतं. दुसऱ्यात नर्सिंग डायग्नोसिस. डॉक्टरांचं डायग्नोसिस ‘न्यूमोनिया’ म्हणून एका शब्दात मोकळं होतं. आमचं मालगाडीसारखं, ‘इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स रिलेटेड टू’ करत डब्यामागून डबे ओढत जातं. पुढे ध्येय, पुढे आपण काय करणार, ते का करणार, आणि शेवटी केल्यावर काय झालं. ह्यातला ‘का’चा रकाना जीव घेतो. दम लागलेल्या पेशंटला पाठीमागे उशा देऊन टेकून बसवायचं, हे आजीबाईंनाही कळतं. पण का? तर पोटातला भार खाली सरकतो, छाती-पोटामधल्या पडद्याला खाली जायला वाव मिळतो, फुफ्फुसं नीट फुगतात. ‘बरं वाटतं म्हणून’ असं लिहिलं तर मॅडम लाल पेनानं एवढं मोठं प्रश्नचिन्ह काढायच्या की खालच्या दोन ओळी त्याच्या पोटात जायच्या.

एक केअर प्लॅन नीट करायला माझे चार तास जायचे. उतरवून काढायला पाऊण तास पुरतो. हे गणित अख्ख्या वर्गाला पाठ होतं.

त्यात माझं अक्षर चांगलं. हा माझा गुन्हा नाही, गावातल्या सरकारी मराठी शाळेचा आहे. तिथल्या बाईंनी चौथीपर्यंत रोज दहा ओळी शुद्धलेखन काढून घेतलं, आणि ‘श’ची गाठ चुकली तर पान फाडलं. घरात कोंकणी, वहीत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी, अशी तीन घरांची जेवणं जेवूनही अक्षर तेवढं टिकलं. शिवाय, आता इतकं लिहिलंच आहे तर कबूलही करते, मागितलेलं मला आवडायचं. वार्षिक परीक्षेत माझा नंबर कधी पहिला आला नाही. पण सोमवारी सकाळी सहा जणी आपल्याच बाकाभोवती उभ्या आहेत, ह्यात जे सुख आहे ते पहिल्या नंबरात नसावं.

सहांतली मुख्य म्हणजे तेवीस नंबर. आमच्याकडे नावापेक्षा रोल नंबर लवकर पाठ होतो. मी फोंड्याहून बसनं पणजीला यायचे, ती म्हार्दोळला चढायची. पावसाळ्यात येताना हातात जाईची फाती, म्हणजे गजरा. म्हार्दोळची जाई म्हणजे काय, ते गोंयकाराला सांगायला नको. पानात गुंडाळलेली, कळ्या अजून मिटलेल्या, वर पावसाचे दोन थेंब. ड्युटीवर माळता येत नाही, तर बॅगेत ठेव म्हणायची, संध्याकाळी उमलेल. एवढं झाल्यावर कोण दगडाचं काळीज घेऊन ‘नाही’ म्हणेल? मी फाती घ्यायचे, ती फाइल घ्यायची.

तिची फाइल बघून बस कुठे होती ते सांगता यायचं. मंगेशीपर्यंत अक्षर गोल. कुंडईला बस वळणं घेई तेव्हा ओळी उजवीकडे कलंडलेल्या. भोम-बाणस्तारीच्या गर्दीत बस उभी राही, म्हणून तो परिच्छेद छापल्यासारखा. जुन्या गोव्यानंतर पुन्हा ईसीजी. आणि बस रायबंदरवरून गेली तर शेवटचे दोन रकाने सुंदर, कारण पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात तिथे तीनेक किलोमीटरचा सरळसोट बांध घालून ठेवला आहे. तो बांध नसता तर तेवीस नंबर पहिल्या वर्षातून पुढे आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

उतरवण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. उतरवताना वाचत नाहीत, ही होती. एकदा मी केअर प्लॅनच्या समासात पेन्सिलीनं स्वतःसाठी लिहिलं होतं, ‘हे नीट कळलेलं नाही, मॅडमना विचारणे.’ चारच दिवसांनी ते वाक्य तीन फायलींत निळ्या शाईत, शेवटच्या रकान्यात, उपचाराचा परिणाम म्हणून विराजमान झालं होतं. एकीनं तर त्याचं इंग्रजी करून घातलं. ड्रग फाइलचीही तीच गत. ‘मेट’नं सुरू होणाऱ्या औषधांचे माझे कागद एकामागे एक लावलेले, एक मेटफॉर्मिन, डायबिटिसचं, दुसरं मेट्रोनिडाझोल, जंतुसंसर्गाचं. घाईत पान उलटलं आणि आमच्या वर्गातल्या चौघींच्या हिशेबानं मेटफॉर्मिन अमिबा मारू लागलं. खाली पेशंटला द्यायची सूचना होतीच: गोळ्या चालू असताना आणि संपल्यावरही दोन दिवस दारू वर्ज्य. मेट्रोनिडाझोलला ते अगदी बरोबर आहे. पण एप्रिल महिना, काजूच्या भट्ट्या पेटलेल्या, काजूची दारू हुर्राक ताजी. आणि रोजची साखरेची गोळी घेणाऱ्या एका पात्रांव पेशंटला आमच्या मुलीनं ती सूचना वाचून दाखवली. गोळी तर जन्मभर चालायची. तो माणूस इतका खचला की त्याचा बीपी आम्हाला दोनदा घ्यावा लागला.

मग मेल सर्जिकल वॉर्डची पोस्टिंग आली.

माझा पेशंट डायबिटिसचा, उजव्या पावलाला जखम. मी मन लावून लिहिलं होतं. दोन्ही पावलं रोज उजेडात तपासावीत, तळवासुद्धा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. पाणी किती गरम आहे ते पायानं नव्हे, कोपरानं बघावं, कारण पायाची जाणीव गेलेली असते, भाजलेलं कळत नाही. नखं सरळ कापावीत. घरातही अनवाणी चालू नये. ‘का’चा रकाना तर असा भरला होता की मलाच दोनदा वाचावासा वाटला.

तेवीस नंबरचा पेशंट तीन खाटा पलीकडे. तोही डायबिटिसचाच. सत्तरी तालुक्यातला आणि वयानंही सत्तरीचा, काटक, तोंडात दोन दात आणि दोन्ही हसरे. मंगळवारी सकाळी मॅडमनी खाटेजवळच प्रेझेंटेशन घ्यायचं ठरवलं. तेवीस नंबरनं फाइल उघडून घडाघडा वाचायला सुरुवात केली. दोन्ही पावलं रोज तपासावीत, इथे मॅडमनी हात वर केला.

“तपासलीस?”

“हो मॅडम.”

“दाखव.”

आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्याविषयी काहीतरी चाललंय एवढं समजलं. त्यांनी स्वतःच चादर बाजूला केली. उजवं पाऊल होतं. डावा पाय आठवड्यापूर्वी गुडघ्याखाली कापलेला, पांढऱ्या बँडेजमध्ये, उशीवर ठेवलेला. शेजारच्या खाटेवरच्यानं त्यांना हळूच अर्थ सांगितला. आजोबांनी तेवीस नंबरकडे बघितलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “म्हजो दुसरो पांय खंय दवरला गो बाय तुवें?” (माझा दुसरा पाय कुठे ठेवलास गं बाई तू?)

वॉर्ड हसला. वॉर्डबॉय हसला. आजोबा तर इतके हसले की त्यांना खोकला आला आणि मला धावत जाऊन त्यांना टेकून बसवावं लागलं (पोटातला भार खाली सरकतो, पडद्याला वाव मिळतो). हसल्या नाहीत त्या एकट्या मॅडम. त्यांनी सगळ्यांच्या फायली मागवल्या.

आता माझी एक खोड. नवीन पान सुरू करताना मी वर मधोमध बारीक ‘श्री’ घालते. तीही त्या शाळेतल्या बाईंचीच शिकवण. हात आपोआप जातो. मॅडमनी ड्युटीरूमच्या टेबलावर फायली मांडल्या आणि इंग्रजीत लिहिलेल्या चार केअर प्लॅनच्या डोक्यावर चार देवनागरी ‘श्री’ बसलेले. त्यांतली एक फाइल सासष्टी तालुक्यातल्या माझ्या मैत्रिणीची, जी दर रविवारी न चुकता चर्चमध्ये मिसाला जाते.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

ती शांतपणे म्हणाली, “मॅम, तें फॉरमॅटांत आसा.”

मूळ कोणाचं ते शोधायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. मॅडमनी चौघींनाही नवीन पेशंट घेऊन अख्खं पुन्हा लिहायला लावलं, मलाही. देणारीचे हात घेणारीइतकेच काळे, असं त्यांचं म्हणणं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, “वही मागितली तर नाही म्हणू नये, विद्या दिल्यानं वाढते.” बाबा सहकारी सोसायटीत हिशेब लिहितात. ते पेपरामागून म्हणाले, “विद्या वाढते. मार्क वाटले जातात.”

त्यानंतर मी उपाय सुरू केले. पहिला उपाय, अक्षर मुद्दाम वाईट काढायचं. मुलींना ते लागलंच नाही, म्हणून त्या दोन दिवस थांबल्या. तिसऱ्या दिवशी ‘काय लिहिलंयस ते वाचून दाखव’ म्हणू लागल्या. म्हणजे आता मी डिक्टेशन देणार. मॅडमनी खाली शेरा मारला, ‘अक्षर घसरलं आहे. घरी सगळं ठीक?’ दुसरा उपाय, ‘फाइल घरी राहिली.’ हा एकदाच चालतो. दुसऱ्यांदा मॅडमही तेच ऐकत उभ्या असतात. शेवटी एक जमला. कुणी फॉरमॅट मागितला की म्हणायचं, “चल, तुझ्या पेशंटकडे जाऊ, मी बसते तुझ्याबरोबर.” मागणाऱ्या निम्म्या तिथल्या तिथे गळल्या. ‘शिष्ट झालीय’ असंही कानावर आलं. उरलेल्या दोघी-तिघी खरंच यायच्या, आणि पेशंटशी दहा मिनिटं बोललं की त्यांचा पहिला रकाना भरायचा. तेवीस नंबर त्यांत होती. फाती मात्र बंद झाली. मला वाईट वाटलं; नाही म्हटलं तर खोटं होईल.

एवढी सगळी शुद्ध झाल्यावर एकदा ईव्हिनिंग ड्युटीला मी टीपीआर घेत होते. टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. वॉर्डात मोबाईल चालत नाही, मनगटावर सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागतं. माझं बाबांनी दिलेलं, साधं, पांढऱ्या तबकडीचं. तेवीस नंबरच्या घड्याळावर बारा खडे होते, काटे दोनच. मी एकेका पेशंटचं लिहीत पुढे सरकत होते आणि इंचार्ज सिस्टर मागून चार्ट बघत होत्या. अकरा नंबरच्या खाटेपाशी त्यांनी माझा हात धरला.

“रेस्पिरेशन किती लिहिलंस?”

“अठरा, सिस्टर.”

“नाडी धर. सोडू नकोस, नुसती धरून ठेव. श्वास मोजतेयस हे त्यांना कळलं तर ते वेगळाच घेतील. आता पुरतं एक मिनिट मोज.”

मी मावशींचं मनगट धरलं आणि डोळे पदराच्या हालचालीवर ठेवले. एक मिनिट किती लांब असतं ते सेकंदकाट्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही. अठ्ठावीस भरले. ताप नव्हता, बीपी ठीक होता, मावशी स्वतः ‘बरें आसा’ म्हणत होत्या. मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला, ऑक्सिजन आला, एक्स-रेची चिठ्ठी झाली. मग त्या माझ्याकडे वळल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “हे अठरा कोणाचे उतरवलेस?”

मला उत्तर देता येईना. कोणाचेच नव्हते. पहिल्या वर्षी एका सीनियरच्या चार्टवर बघितले होते, तिनं बहुधा तिच्या सीनियरच्या. मागची पानं उलटली तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोव्यातला प्रत्येक माणूस माझ्या अक्षरात मिनिटाला अठरा वेळा श्वास घेत होता. अगदीच म्हातारा असेल तर वीस.

मी खोडून अठ्ठावीस लिहीत असताना तेवीस नंबर चार्ट घेऊन आली. तिला पलीकडची रांग होती. माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं, पेनाचं टोपण काढलं.

“आज अठरा नाही? किती घालू गो मी?”

मी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं आधी घड्याळाकडे, मग माझ्याकडे, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या सिस्टरकडे बघितलं आणि निमूट पहिल्या खाटेशी गेली. तिथल्या पेशंटचं मनगट धरलं. लांबून तिचे ओठ हलताना दिसत होते. एक, दोन, तीन.

पुढचा महिनाभर ते घड्याळ म्हार्दोळ-पणजी बसनं ये-जा करत होतं. मागितलं की उद्यावर ढकलायची, म्हणायची, “फाल्यां दितां गो.”